गोटी आणि चोविसावं घर

फरशीवाल्याच्या खिशात कायम एक काचेची गोटी असायची. हिरवी, मधे पांढरी रेघ. लोकांच्या खिशात किल्ल्या असतात, रुमाल असतो, ह्याच्या खिशात गोटी! कुणाच्याही घरी गेला की बूट काढता काढता हा खाली वाकणार, गोटी जमिनीवर ठेवणार आणि हात अलगद काढून घेणार. गोटी जागची हलली नाही तर म्हणणार, "चांगलंय." हलली तर म्हणणार, "कुणी घातली हो ही फरशी?" मग यजमानांनी कितीही आग्रह करावा, चहा काही ह्याच्या घशाखाली उतरायचा नाही.

माणूस तसा लाखात एक. चोवीस वर्षं फरशी घालत होता. गुडघ्यांना घट्टे पडलेले, बोटांच्या टोकांवर रेषा म्हणून उरलेल्या नाहीत. पण त्याने घातलेल्या बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओता, इकडे तिकडे न भटकता सरळ जाळीत जाईल. टोळीतले बाकीचे मिस्त्री त्याला 'पाणसळ' म्हणायचे. पाणसळ म्हणजे ते हत्यार हो, नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. जमीन सपाट असली की बुडबुडा बरोबर मधोमध. हा माणूसच तसा. जरा कुठे तिरकं दिसलं की ह्याच्या आतला बुडबुडा सरकलाच म्हणून समजा.

आता गंमत ऐका. असा हा पाणसळ स्वतः राहायचा कुठे, तर शहरात एका धोबीखान्याच्या वर, भाड्याच्या दोन खोल्यांत. खालून दिवसभर वाफ यायची, भिंती घामेजायच्या आणि जमिनीला तर इतके उंचवटे की टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठे घालावे लागायचे. त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. बायकोने टोकलं तर म्हणायचा, "ती आपली थोडीच आहे?"

बायको शाळेची बस चालवायची, तीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे वस्ती संपते आणि मोकळी शेतं सुरू होतात अशा उपनगरात. पहाटे चारला उठून दोन गाड्या बदलून ती डेपोवर पोचायची. नऊ वर्षं झाली होती. तिकडच्या गल्ल्या तिला स्वतःच्या तळहातासारख्या पाठ. बैठी नाहीतर एकमजली घरं, प्रत्येक घरापुढे टॉवेल वाळत घालण्यापुरती हिरवळ, गल्लीच्या तोंडाशी मैदान, मैदानाच्या कडेला वाचनालय. गाड्या तिथे आपोआप हळू चालायच्या, कारण कुठल्या वळणावरून कुणाचं कार्टं सायकल घेऊन येईल त्याचा नेम नसायचा. "माणसांनी राहावं अशी जागा आहे ती," बायको म्हणायची. "आपली पोरगी तिथे वाढायला हवी. इथे वाफेवर शिजतेय बिचारी."

घर पारखायची तिचीही एक रीत होती. सकाळी बस दाराशी थांबली की पोर घरातून कसं बाहेर पडतं ते ती बघायची. काही घरांतून पोरं मान खाली घालून यायची, काहींतून रडत. आणि काही घरं अशी, की पोर बाहेर येताना अजून आत कुणाशी तरी हसत बोलत असायचं, एक बूट पायात आणि एक हातात. असं घर दिसलं की ती मनात खूण करून ठेवायची. तिच्या मते घराची ह्याहून दुसरी परीक्षा नाही.

तर एकीकडे ही आणि एकीकडे ती गोटी. सहा वर्षं दोघं घर बघत होते. पैशांची जुळवाजुळव केव्हाच झाली होती, अडत होतं ते ह्याच्या पसंतीवर. एका घरात गोटी दाराकडे गेली. एका घरात ओट्याकडे. एका घरात गोटी जागची हलली नाही म्हणून बायको आनंदाने टाळी वाजवणार, तेवढ्यात हा म्हणाला, "पण सांधे बघ, एक बारीक, एक जाड. छे!" तेवीस घरं झाली. घरं दाखवणारा दलालही शेवटी शेवटी फोन उचलेनासा झाला. बारा वर्षांची लेक वहीत यादी ठेवायची, घर क्रमांक आणि पुढे नापसंतीचं कारण. तेविसाव्या घरापुढे तिने नुसतं लिहिलं होतं, 'बाबा'.

त्या तेविसाव्या घराहून परत येताना मात्र बायकोचा बांध फुटला. "नाचता येईना, अंगण वाकडं!" ती म्हणाली. "घर घ्यायची तुम्हाला भीती वाटते, दुसरं काही नाही. म्हणून बिचाऱ्या फरशीच्या नावाने खडे फोडता."

"अगं, जन्माचं घर घ्यायचं. रोज सकाळी उठून वाकडी जमीन बघायची का मी?"

"बघू नका. आयुष्यभर फरशीच बघत आलात. माझ्या बाळंतपणालासुद्धा तुम्ही फरशी संपवून मगच आलात."

झालं. निघाला तो जुना बाण. बारा वर्षं हा बाण तिच्या भात्यात होता आणि कुठल्याही भांडणात शेवटी तो सुटायचाच. लेक जन्मली त्या दिवशी हा इस्पितळात पोचला तेव्हा पोरगी तासाभराची झाली होती, आणि ह्याच्या दोन्ही हातांना ओलं सिमेंट. नर्सने आधी हात धुवायला पिटाळलं. "अगं, धावत आलो मी," तो त्या दिवशीही म्हणाला होता आणि आजही म्हणाला. पण जो माणूस दुसऱ्याच्या घरातला अर्ध्या सुताचा फरक सहन करत नाही, तो काम अर्धवट टाकून धावत येईल, हे कुणाला पटणार? बायकोला तर मुळीच पटलं नव्हतं. ती चिडायची ती गमतीने, सगळे हसायचेही. पण आत कुठेतरी ते तिला खरोखर लागलेलं होतं, आणि तेही त्याला ठाऊक होतं.

"आता एकच घर बघायचं," घरी पोचल्यावर ती शांतपणे म्हणाली. "तेही हातचं गेलं तर मी परत घराचं नाव काढणार नाही. राहू इथेच, वाफ खात." ती ओरडली असती तर त्याने मनावर घेतलं नसतं. शांतपणे बोलली म्हणून तो घाबरला.

चोविसावं घर तिनेच शोधलं. म्हणजे ते तिला आधीपासून माहीतच होतं. गल्लीच्या टोकाला एक परिचारिका राहायची, आता नोकरीतून मोकळी झालेली. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तिची दोन्ही मुलं बायकोच्याच बसने शाळेत गेली आणि दोन्ही वर्षानुवर्षं एक बूट हातात घेऊन हसत बाहेर पडली. आता मुलं मोठी होऊन दूर गेली होती आणि सिस्टर बहिणीजवळ राहायला निघाली होती. एका सकाळी झाडांना पाणी घालता घालता तिने बस थांबवली. "ताई, घर काढतेय. सोमवारी एक जोडपं बघायला येतंय, त्यांची घाई आहे. पण तुम्हाला हवं असेल तर रविवारी या. माझ्या पोरांना इतकी वर्षं सांभाळून नेलंत, पहिला मान तुमचा."

रविवारी निघताना बायकोने नवऱ्यापुढे हात पसरला. "गोटी."

त्याने खिशातून गोटी काढून निमूट तिच्या हातावर ठेवली.

"आणि तिथे तोंड उघडायचं नाही. चांगलं दिसलं तर चांगलं म्हणायचं. नाही दिसलं तर चहा प्यायचा."

"बरं."

घर बघताक्षणी लेकीचा जीव जडला. वरच्या खोलीला रुंद खिडकी होती, खिडकीत बसायला जागा, आणि बाहेर झाड इतकं जवळ की हात लांबवला तर पान हातात यावं. ती जी जाऊन बसली ती उठेना. बायको स्वयंपाकघरात उभी राहून ओट्यावर पडलेलं ऊन बघत होती. खरं सांगायचं तर फरशीवाल्यालाही घर आवडलं होतं. भिंती सुक्या, दारं नीट बसणारी, वारा आरपार. ओठ घट्ट मिटून तो खोलीखोलीतून हिंडला, सगळ्याला "छान, छान" म्हणाला. बायकोला वाटलं, सुटले बाई एकदाची.

पण जित्याची खोड! मागच्या खोलीत एकटा सापडताच हा मोजा सारखा करायच्या निमित्ताने खाली वाकला, आणि मोज्यातून निघाली दुसरी गोटी. निळी. हो, दुसरी! बायको शेर तर हा सव्वाशेर.

खोलीच्या मधोमध त्याने गोटी ठेवली. हलली नाही. त्याचा चेहरा उजळला. दोन पावलं पुढे जाऊन खिडकीजवळ ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग निघाली, आणि मजेत घरंगळत जाऊन कोपऱ्यात टक्कन आपटली. त्याने बोटाच्या पेराने कोपऱ्यातली फरशी वाजवली. पोकळ! खाली सिमेंटचा माल नीट बसलेलाच नव्हता.

एवढं झाल्यावर तो वचन, बायको, घर, सगळं विसरला. "कुठल्या गाढवाने घातलीय ही?" त्याचा आवाज घरभर गेला. "बाकी खोली आरशासारखी, आणि शेवटच्या दोन ओळी बघा! दोरी नाही धरलेली, पाणसळ नाही लावलेली. झोपेत होता की शुद्धीत नव्हता? असल्या माणसाच्या हातात थापी देतो कोण?"

तो वळला तर दारात सिस्टर, हातात चहाचा ट्रे. तिच्या मागे बायको.

सिस्टरने ट्रे खाली ठेवला. "मिस्त्री," ती सावकाश म्हणाली, "माझी दोन पोरं ह्या जमिनीवर मोठी झाली. बारा वर्षं मी ती रोज पुसली. तुम्हाला पसंत नसेल तर बळेच घेऊ नका. उद्या दुसरे येतायत, त्यांना आवडेल."

"सिस्टर, तसं नाही हो, त्यांची सवयच—" बायकोने सावरायचा प्रयत्न केला, पण ते तिचं तिलाच पटेना. नवऱ्याकडे तिने एकदाच बघितलं. त्यात राग नव्हता, दमणूक होती. आपण काय करून बसलो ते फरशीवाल्याला कळलं, पण तोंडातून गेलेला शब्द मागे कसा घ्यायचा ते काही सुचेना.

आवाज ऐकून लेक खाली आली होती. तिला मोठ्यांचं काही कळलं नाही, किंवा कळूनही तिने न कळल्यासारखं केलं. ती कोपऱ्यात जाऊन निळी गोटी उचलायला वाकली. "ही फरशी हलतेय," ती म्हणाली.

पोरीकडे बघून सिस्टरचा आवाज जरा निवळला. "ती पहिल्या दिवसापासून तशीच आहे. माझ्या पोरांची तिजोरी होती ती. उचलून बघ, चमचा घाल कडेला."

लेकीने ट्रेमधला चमचा घेतला, कडेला घातला, फरशी अलगद वर आली. खाली दोन बटणं, एक दुधाचा दात, एका चिठ्ठीची घडी. आणि त्याखाली, कधीकाळी ओल्या असलेल्या सिमेंटमध्ये, खिळ्याने कोरलेल्या काही रेघा.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

फरशीवाल्याने वाकून बघितलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला.

त्यांच्या मुकादमाचा एक नियम होता. खोलीतली शेवटची फरशी बसवायच्या आधी खालच्या मालात मिस्त्रीने आपली खूण आणि तारीख कोरायची. पुढे कधी तक्रार आली तर फरशी उचलायची, की कुणाचं काम ते कळलं. प्रत्येकाची खूण वेगळी. कुणाचा मासा, कुणाची चांदणी. ह्याची खूण म्हणजे चौकोन आणि त्यात मधोमध एक टिंब. इथे कोपऱ्यात तारीख होती, आणि चौकोनाच्या चारांपैकी दोनच बाजू. टिंब नव्हतंच.

खरं म्हणजे गप्प बसता आलं असतं. "कुणीतरी रेघोट्या ओढल्यात" म्हणून फरशी परत ठेवली असती तर कोण विचारणार होतं? मनात तो विचार आलाही. पण पाणसळीला खोटं बोलता येत नाही.

"सिस्टर," तो म्हणाला, "मघाशी मी ज्याला गाढव म्हटलं ना, तो मीच."

लेक अजून तारीख वाचत होती. "बाबा, हा तर माझा वाढदिवस! म्हणजे... त्याच वर्षीचा. मी झाले तो दिवस."

बायको दारातून पुढे आली.

"ही गल्ली आमची नव्हतीच," तो जमिनीकडे बघत सांगू लागला. "आमची टोळी पलीकडच्या तीन गल्ल्या करत होती. इकडचा एक मिस्त्री आजारी पडला म्हणून मला दोन दिवस इथे धाडलं. सगळी घरं एका साच्यातली, झाडं नाहीत, दारांना नंबर नाहीत. कुठल्या घरात काम केलं ते मला दुसऱ्या दिवशीसुद्धा सांगता आलं नसतं. सकाळपासून ही खोली करत होतो. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या, माल पसरून झाला होता, आणि राखणदार ओरडत आला, तुझ्या बायकोला इस्पितळात नेलंय म्हणून. माल तसाच टाकला असता तर दगड झाला असता. मी नुसत्या नजरेने फरश्या टाकल्या, दोरी नाही, काही नाही. शेवटची ठेवायच्या आधी खूण काढायला घेतली, दोन रेघा ओढल्या, आणि पुढे धीरच निघेना. तशीच फरशी दाबली आणि पळालो. गाडी निघून गेली होती. मोठ्या रस्त्यापर्यंत पळतच गेलो."

बायको त्या कोपऱ्यात चक्क जमिनीवर बसली. तिने त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं, एकदा, परत एकदा.

"चौकोनसुद्धा पुरा केला नाहीत?" ती म्हणाली.

"नाही ना. सांगत होतो तुला, धावत आलो."

"मला वाटायचं, उगाच आपलं म्हणताय." तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून वाहत होते, एकाच वेळी. पदराचं टोक शोधावं तसा तिने बसच्या गणवेशाची बाही डोळ्यांना लावली. रविवार असूनही ती गणवेशातच आली होती, सिस्टरने तिला कायम तशीच बघितलं होतं म्हणून. "बारा वर्षं हो! बारा वर्षं मी तुम्हाला टोचून खाल्लं. आणि तुम्ही मेले ही एवढी वाकडी फरशी घालून आला होतात!"

"एवढीही वाकडी नाही," तो पुटपुटला. सवय!

आता सिस्टरलाही हसू आवरेना. "म्हणजे बारा वर्षं मी ज्याला शिव्याशाप दिले तो हा होय! अहो, राहायला आलो त्या दिवशी पोराचा चेंडू गेला तो ह्याच कोपऱ्यात. मग पेन्सिली, मणी, औषधाच्या गोळ्या, सगळं इकडेच. घरात काही हरवलं की मी म्हणायचे, 'कोपऱ्यात बघ.' आणि सापडायचं हो! माझी पोरगी परवा फोनवर म्हणत होती, आई, नव्या घरात काही हरवलं की कुठे बघायचं तेच कळत नाही."

"सिस्टर, मी उद्याच येऊन दोन्ही ओळी काढून परत घालून देतो. घर तुम्ही कुणालाही द्या."

"कुणालाही कशाला देऊ?" सिस्टर म्हणाली. "ज्याने बिघडवलं त्याच्याच गळ्यात बांधते. म्हणजे तक्रारीला जागा नको." तिने चहा सगळ्यांच्या हातात दिला. थंड झाला होता, पण फरशीवाल्याने तो एका घोटात संपवला. वाकडी जमीन असलेल्या परक्या घरात त्याने प्यायलेला तो पहिला चहा.

लेकीने वही काढली. चोविसाव्या घरापुढे कारणाच्या रकान्यात तिने बराच विचार करून लिहिलं, 'बाबा'.

तीन महिन्यांनी ते तिथे राहायला आले. बायको आता सहाला उठते आणि डेपोवर चालत जाते. लेक गल्लीत सायकल अशी हाणते की बसवाल्या आईलाच हॉर्न वाजवावा लागतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी फरशीवाला थापी, रबरी हातोडी आणि पाणसळ घेऊन मागच्या खोलीत गेला. बायको कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली.

"ऊठ जरा, दोन ओळींचं काम आहे."

"हात तर लावून बघा."

"अगं, निदान ती पोकळ फरशी तरी बसवू दे. पायाखाली हलते."

"हलू दे. ती तशीच राहणार." ह्यावर अपील नव्हतं. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि झाडांना पाणी घालायला गेला.

पुढच्या रविवारी त्याच्या टोळीतले मिस्त्री बायकापोरांसह घर बघायला आले. आले ते टपूनच आले होते. पाणसळाचं घर म्हणजे खोड काढायची आयती संधी. मागच्या खोलीत एकाने मुद्दाम गोटी सोडली आणि ती घरंगळत कोपऱ्यात गेली. एकच हशा उठला. "अरे पाणसळ, हे काय! कोण रे तो मिस्त्री?"

फरशीवाला कान लाल करून स्वयंपाकघरात सटकला. बायको मात्र चमचा घेऊनच पुढे आली. तिने कोपऱ्यातली फरशी उचलली, सगळ्यांना जवळ बोलावलं, त्या दोन रेघा दाखवल्या.

"हे बघा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका ताठ होता की हसणारे गप्प झाले. "मला कळा सुरू झाल्या तेव्हा आमचा माणूस काम अर्धं टाकून पळाला होता."